निळ्या फोनातलं पहिलं नाव

मोबाइलच्या दुकानात किस्से साठतात ते काढलेल्या स्क्रीनगार्डांसारखे. जुना काढायचा, डब्यात टाकायचा, नंतर फेकू म्हणायचं. परवा डबा भरला म्हणून उलटा केला, तर प्रत्येक काचेवर कुणाची ना कुणाची बोटं उठलेली. फेकवेना. पुन्हा डब्यात भरल्या.

मी आठवीत शाळा सोडली, म्हणून जसं आठवेल तसं सांगतो. पेडण्याच्या बाजारातलं दुकान माझ्या दादाचं. दिगंबर नाव, पण सगळे दिगू म्हणत. मला सगळे धाकलो म्हणतात. दादा गेला त्याला अजून वर्ष झालेलं नाही. मोठा राहिला नाही, तरी मी धाकलोच.

दुकानात आम्ही एकाच कंपनीचे फोन विकत होतो. खोका निळा, म्हणून त्याला कोणी नावाने ओळखत नसे. "निळो दी," म्हणायचे. एके काळी पेडणे तालुक्यात निम्म्या खिशांत निळा होता. मग कंपनीचं बिनसलं. आधी जाहिराती बंद झाल्या, मग सर्व्हिस सेंटर बंद झालं, मग पार्ट यायचे बंद झाले. गिऱ्हाइकं मात्र बंद होईनात.

*

कोरगावच्या बुधाजीकाकांची काजूची बाग आहे. हंगामात बोंडं मळून रस काढतात, त्याची हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, करतात. एकदा वाकताना शर्टाच्या खिशातला निळा रसाच्या पिंपात पडला. काकांनी काढला, धोतराला पुसला आणि तसाच दुकानात आणला. दुकानभर वास.

दादाने तो उघडला, साफ केला, वाळत ठेवला. फोन चालू झाला! मी म्हटलं, काका, आता तरी नवा घ्या, दुसऱ्या कंपनीचा घ्या. काका माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी बायको बदला म्हटलं.

आठवड्याने भेटले तेव्हा दादाने विचारलं, कसा चालतोय?

काका म्हणाले, "सकाळी जरा जड उठता. पण सांजवेळार एकदम फर्स्ट क्लास!"

*

आता दादाची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

नवा फोन चालू करताना तो मेल आयडी मागतो, पासवर्ड मागतो. आमच्या गिऱ्हाइकांकडे ते कुठून असणार? दादाने त्यावर सोपा उपाय काढला. सगळ्यांच्या फोनात स्वतःचाच आयडी घालून द्यायचा. पाच मिनिटांत फोन चालू, गिऱ्हाईक खूश.

याने काय झालं, तर सगळ्या निळ्या फोनांची नावांची यादी एकच झाली. बुधाजीकाकांनी नंबर साठवला की तो मोरजीच्या मासेवाल्या रुक्मिणीमावशीच्या फोनात दिसायचा. मावशीने साठवला की डिचोलीच्या आप्पा ड्रायव्हरच्या फोनात. आणि कोणी एकाने पुसला की सगळ्यांच्यातून पुसला जायचा. दादाच्या लक्षात आलं तोवर अर्धा तालुका एका यादीत आला होता. तो म्हणाला, "रवांदे, राहू दे. एका गावातली माणसं नाही का एकमेकांना ओळखत."

गणपतीच्या चवथीच्या आधी बुधाजीकाकांनी जावयाला फोन लावला. यादीत 'जावय' म्हणून नाव होतं, दाबलं. फोन लागला तशी काकांनी सुरुवात केली. लग्न झाल्यापासून पोरीला चवथीला पाठवलं नाहीस, तिची आई दारात बसून असते, तुला लाज वाटत नाही का. समोरचा "हो, हो" एवढंच म्हणत राहिला. काकांनी समाधानाने फोन ठेवला.

तो जावई आप्पा ड्रायव्हरचा होता.

चवथीला आप्पाची मुलगी कितीतरी वर्षांनी डिचोलीला माहेरी आली, मुलांना घेऊन, नवऱ्यासकट. आप्पा दादाला सांगताना रडला होता.

बुधाजीकाकांची मुलगी काही आली नाही.

*

आमच्या आईला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. दादाने तिला निळा दिला आणि नंबर दाबून ठेवायला शिकवला. नाव लिहायची जागा ती सोडून द्यायची. गॅसवाला, पदेर म्हणजे पाववाला, आमची सख्खी मावशी, सगळे नुसते आकडे. कुठला कोणाचा हे तिला शेवटच्या तीन आकड्यांवरून कळायचं.

झालं, सगळ्यांच्या यादीच्या तळाला हे उघडे नंबर दिसायला लागले. लोक दुकानात यायचे. हे कोण? पुसू काय? दादा हात जोडायचा. "पुसू नका. आईची माणसं आहेत ती."

कोणी पुसले नाहीत. रुक्मिणीमावशीने तर एकदा त्यातला एक लावून बघितला. पदेर निघाला. तेव्हापासून मोरजीला तिच्या दारात आमच्या पदेराची सायकल जाते आणि ती पावाचे उंडे घेते. आमच्याकडे तो उशिरा येतो, त्याला कारण आईच.

दादाने स्वतःचं नाव मात्र सगळ्यांत वर येईल असं घातलं होतं: 'अ दिगू'. आधी एक अ, म्हणजे यादी उघडली की पहिलाच तो. वयस्कर गिऱ्हाइकांना तो सांगायचा, काही अडलं तर शोधत बसू नका, पहिलं नाव दाबा.

*

डिचोलीच्या आप्पाला मुलूख सगळा ओळखतो. मूळचा सावंतवाडीकडचा, खनिजाच्या ट्रकवर आयुष्य गेलं. त्याच्या निळ्याची चार्जिंगची पिन गेली होती, म्हणून तो दुकानात दुरुस्तीला टाकून गेला होता. परत न्यायला ट्रक सोडून येता येत नव्हतं, म्हणून दादा म्हणाला, मीच आणून देतो. डिचोलीच्या वाटेवर त्याची स्कूटर घसरली.

पुढचं लिहीत नाही.

फोन डिकीत होता. दादा गेला आणि फोन वाचला, फक्त काचेवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चीर. बाराव्याला आप्पा आला, कोपऱ्यात बसला, फोनचं नाव काढलं नाही. जाताना मीच त्याच्या हातात दिला.

मधे तो चार्जर घ्यायला आला. माझ्याकडे त्या मॉडेलची एकच काच उरली होती, कुठून तरी मिळवलेली. म्हटलं, आप्पा, बस, बदलून देतो, पैसे नकोत.

त्याने फोन खिशात घातला आणि वर हात ठेवला.

"माझ्याकडे येताना पडली ती," तो म्हणाला. "रवांदे."

*

दादाचा फोन आता माझ्या खिशात असतो. कंपनी बंद पडल्यासारखी, पण हा वाजायचा थांबत नाही. लोक पहिलं नाव दाबतात. मी उचलतो. पलीकडचा माणूस माझा आवाज ओळखतो, मग म्हणतो, हां, धाकलो काय.

रुक्मिणीमावशी बाजार आटोपला की रोज लावायची. मी विचारायचो, मावशी, काय बिघडलं? काही नाही म्हणायची. एकदा मी वैतागलो. माझं डोकं तसं लवकर तापतं. म्हटलं, मग लावतेस कशाला?

मावशी म्हणाली, "लागता काय पळयता रे, पुता." फोन अजून लागतो का, तेवढंच बघायचं होतं तिला.

मी फोन ठेवला आणि शटर ओढून घेतलं. त्या दिवशी दुकान पुन्हा उघडलं नाही.

तिच्या फोनाची बॅटरी फुगलीय. मागचं झाकण बसत नाही, रबर लावलाय. मी तिला सांगितलं, नवा घे, तुझी सगळी नावं त्यात टाकून देतो. जुन्या यादीत मात्र नवा फोन बसवता येणार नाही, कारण पासवर्ड दादाच्या डोक्यात होता. मी आईचं नाव घालून पाहिलं, माझं घातलं, आमच्या मेलेल्या कुत्र्याचंसुद्धा घातलं. उघडत नाही.

मावशीने विचार केला. मग म्हणाली, "म्हणजे मगे माझी यादी एकटीच रवतली."

आणि रबर घट्ट करून गेली.

खरं सांगायचं तर लोक म्हणतात कंपनीवर निष्ठा आहे पेडणेकरांची. कंपनीला कोण विचारतो. एकेक निळा मरतो तसा यादीतून एकेक घर कमी होतं, आणि हे सगळ्यांना कळतं.

*

कंपनीचा माणूस पणजीहून आला तो दुकानावरचा निळा बोर्ड काढून न्यायला. म्हणाला, करार संपला, बोर्ड कंपनीचा. बोर्डवर कंपनीचं नाव होतं हे खरं, पण खाली मोठ्या आकड्यांत दादाचा नंबर होता. तो दादाने स्वतः रंगवलेला, शेवटचा आकडा जागा न पुरल्यामुळे बारीक झालेला.

तो शिडीवरून वर चढला, पत्र्यावर बसला आणि स्क्रू काढायला लागला. तसा मी शिडी उचलून आत नेऊन ठेवली.

बाजार जमला. तो वरून मला आधी सर म्हणाला, मग भाऊ म्हणाला, मग पोलिसांचं नाव घेतलं. मी गिऱ्हाइकाला कव्हर दाखवत होतो. शेवटी त्याने साहेबाला फोन लावायला खिशात हात घातला आणि फोन बाहेर काढला.

लाल होता. दुसऱ्या कंपनीचा!

खाली बुधाजीकाका काजूच्या बियांची पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी कपाळावर हात धरून वर नीट बघितलं. मग मला म्हणाले, "शिडी दी त्याका, धाकल्या. तो बिचारो निळो सोडून कधीच गेलो."

शिडी दिली. माणूस उतरला, गाडीत बसला, गेला. बोर्ड राहिला. आतले दिवे आता लागत नाहीत.

*

आणि हा शेवटचा.

मी सकाळी उठलो की आधी माझ्या निळ्यात यादी उघडतो. चहाच्याही आधी. पहिलं नाव बघायचं आणि बंद करायचं. माणूस मेला की लोक त्याचा नंबर पुसतात, मीही कितीजणांचे पुसलेत. आणि इथे तर कोणाही एकाने पुसलं की संपलं, सगळ्यांच्यातून जाणार, आईच्यातूनसुद्धा. लोकांना जाऊन पुसू नका म्हणून सांगावं असं रोज वाटायचं. पण असं कसं सांगणार कोणाला? म्हणून नुसतं बघायचो.

परवा उघडली, तर पहिलं नाव: अनंत प्लंबर.

मी वर-खाली केलं. बंद करून चालू केलं. अनंत प्लंबर.

बाइक काढली ती थेट कोरगाव. बुधाजीकाका अंगणात होते, त्यांच्यावर ओरडलोच. पुसलं कोणी, तुम्ही पुसलं? काकांनी फोन आणला. अनंत प्लंबर. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे करून उलटे-सुलटे बघितले, काजूच्या चिकाने काळी झालेली बोटं. "माझ्या बोटान तर न्हय मरे?" एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसले. मग मला त्यांच्यावर ओरडता येईना.

मोरजीला गेलो. मावशीही तेच म्हणाली, माझ्या हातून तर नाही ना. जो तो आपली बोटं बघत होता.

नाव मला परत घालता आलं असतं. नंबर माझ्या खिशातच होता. पण मीच लिहायचं आणि सकाळी मीच बघायचं, याला काय अर्थ? मी दुकानात येऊन बसलो. त्या दिवशी दादाचा फोन वाजला नाही. कसा वाजणार? दाबायला पहिलं नावच नव्हतं, आणि नंबर कोणाला पाठ होता?

दुपारनंतर बाहेर बुधाजीकाका दिसले. मला वाटलं माझ्याकडे आले. आत आले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून वर बोर्डाकडे बघत होते, आणि एकेका आकड्याला थांबून फोनात बोट दाबत होते. झाल्यावर निघून गेले. मग रुक्मिणीमावशी आली, रिकामी पाटी डोक्यावर तशीच. तिला तो बारीक आकडा दिसेना, तिने पानवाल्याला वाचायला लावला. मग आणखी कोण कोण. कोणी आत आलं नाही, कोणी माझ्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी एक ट्रक येऊन भर बाजारात थांबला. मागे हॉर्नवर हॉर्न. आप्पा केबिनमधून अर्धा बाहेर लोंबकळून वर बघत होता, हातात चीर पडलेला फोन.

मी बाहेर गेलो नाही. शटर खाली केल्यावर यादी उघडली.

अनंत प्लंबर खाली गेला होता. वर ओळीने: 'अ दिगू'. 'अ दिगू मोबायल'. 'अ दिगूबाब'. 'अ दिगु पेडण्या'. 'अ निळो दिगू'. एकाने घाईत नुसतं 'अ अ दिग' लिहिलं होतं. सगळ्यांपुढे तोच नंबर. त्यातलंच एक आप्पाचं असणार: 'अ दिगू येता'.

घरी गेलो. आई पेज ढवळत होती. ती दिवसभर घरातून हलली नव्हती, बाजारात तर ती बारावं झाल्यापासून आलेली नाही. तिचा निळा जनेलात, खिडकीच्या कट्ट्यावर, पालथा ठेवला होता. पाटावर बसलो आणि माझ्या फोनात यादीवर बोट ओढत तळापर्यंत नेलं, जिथे तिची माणसं असतात.

गॅसवाला. पदेर. मावशी. आणि एक नवा, नुसते आकडे, शेवटचे तीन दादाचे.