कोल्ह्याचं कातडं

कॅनडातल्या आमच्या छोट्या गावात हिवाळ्यात परवाना काढून कोल्ह्याची शिकार करतात. माझा नवरा सुधीर ती शेजारच्या म्हाताऱ्याकडून शिकला. जोरदार गोळीनं कातडं फाटतं, म्हणून तो मागच्या शेडमध्ये शिसं वितळवून स्वतः गोळ्या ओततो, काडतुसात दारू बेतानं भरतो आणि पुठ्ठ्यावर झाडून भोकं न्याहाळत बसतो.

परवा दुपारी मी शेडमध्ये गेले, तर टेबलावर तांबूस कातडं पसरलेलं होतं. सुधीर त्यावर फुंकर घालत होता. केस दुभंगत, आतली राखाडी लव दिसे आणि पुन्हा मिटे.

"गोळी कुठं लागलीय, शोध बघू," तो म्हणाला.

मी बोटं फिरवली. सापडेना. तो लहान मुलासारखा खुलला. "अख्खा हिवाळा खपलोय यासाठी. जरा जोर जास्त झाला असता, तर वाया गेलं असतं."

मला त्या मेलेल्या जनावराचा हेवा वाटला. किती जोरानं किती फाटतं, हे हा माणूस इतक्या निगुतीनं शिकू शकतो तर! सकाळीच फोनवर, माझ्यादेखत, तो माझ्या बहिणीला हसत म्हणाला होता, "तुझ्या ताईला अजून इथं गाडीसुद्धा धड चालवता येत नाही." आणि लगेच विसरूनही गेला होता.

"माझ्याशी बोलताना करतोस कधी असा विचार?" मी विचारलं.

"म्हणजे?"

त्यानं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. कातड्यावरचा हात मात्र त्यानं काढला नाही.