म्हाळूचं गोणपाट

दादा गेल्याचं मला गेवराईच्या बाजारात कळलं. मी मीठ घेत होते. दुकानदार म्हणाला, "बाई, मास्तर गेले म्हणं..." आणि मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठं गेले?" सकाळी त्याचा ताप उतरलेला पाहूनच तर मी घराबाहेर पडले होते. दादाला जाऊन आता पाच आठवडे झाले.

दावीदमास्तर, माझा थोरला भाऊ, निजामाच्या मुलखातली गोदाकाठची खेडी पायी तुडवत ख्रिस्ताची सुवार्ता सांगायचा. मी विधवा झाल्यापासून त्याच्याच घरी होते. तुझ्या आवाजानं बैलसुद्धा रवंथ विसरतील, असं मी त्याला चिडवायची. देवाच्या दयेपेक्षा न्यायाचा दिवस सांगण्याची त्याला भारी हौस. "उद्या कुणी पाहिलाय? आज वळा, आत्ता वळा!" ऐकणाऱ्यांचे चेहरे उतरायचे.

एका उन्हाळ्यात मेंढरांत रोग शिरला. धनगरांच्या वस्तीवर दादानं बायबलातली निनवे नगराची गोष्ट सांगितली. चाळीस दिवसांत नगर बुडणार, असं योना संदेष्ट्यानं बजावलं; तेव्हा राजापासून जनावरांपर्यंत सगळ्यांनी पश्चात्तापाचं गोणपाट पांघरलं, अन्नपाणी सोडलं आणि देवाचा राग निवळला. म्हाळू धनगरानं विचारलं, "मास्तर, मुक्या जिवांनी बी पाणी प्यायचं न्हाई?" दादा रंगात आला होता. "न्हाई म्हंजे न्हाई. तसंच लिहिलंय."

म्हाळूनं घरातली पोती फाडून मेंढरांच्या पाठीवर बांधली आणि त्या उन्हात दोन दिवस कळप कोंडून ठेवला. रोगानं काही गेली असती, तहानेनं जवळजवळ सगळी गेली. तिसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला, हातात गोणपाटाचा एक तुकडा. रागावला असता तर बरं झालं असतं. "मास्तर, देवानं ऐकलं न्हाई. माझं काय चुकलं, तेवढं सांगा." दादा दारातच खाली बसला. म्हाळू तुकडा उंबऱ्यावर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दादानं पागोटं बांधलं. "चूक माझी हाय, त्याची न्हाई. सांगून येतो." मी म्हणाले, "ऊन लई हाय, दादा. सोमवारी जा की." उन्हाचं नुसतं निमित्त होतं. सगळ्या वस्तीसमोर माझ्या भावाची मान खाली जाईल, हे मला सोसवत नव्हतं. दादा दारात घुटमळला आणि त्यानं पागोटं उतरवलं.

सोमवारी तो पोचला, तर आदल्या दिवशीच पटकीनं म्हाळूला नेलं होतं. त्याची बायको ठकूबाई म्हणाली, "शेवटपातूर इचारत हुते, माझं काय चुकलं... तुमी आला न्हाईत." मग ती दादाला नको नको ते बोलली, हे मला वस्तीवरच्या बायकांकडून कळलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. बहिणीनं अडवलं, हे तो तिथं बोलला नाही. घरी येऊन मलाही कधी बोलला नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

पुढं नऊ वर्षं तो उपदेश करत राहिला, पण निनवेचं नाव त्यानं काढलं नाही. रोज दुपारी त्या तुकड्यावर गुडघे टेकून बसायचा. मी चिडवणं सोडून दिलं.

तुकडा कोनाड्यात आहे, गुडघ्यांच्या दोन्ही जागी विरलेला. झाडताना उचलते, पुन्हा ठेवते. ठकूबाई अजून त्याच वस्तीवर राहते. मास्तर ताठ्यापायी आले नाहीत, असंच ती आजही धरून आहे. पाच आठवडे मी रोज म्हणते, उद्या जाईन...

आत्ता भर दुपार आहे, ऊन लई आहे. गोणपाट काखेत घेतलंय. निघते.