झेंड्याची घडी आणि वरची गॅलरी

आमच्या सोसायटीचा झेंडा प्रजासत्ताक दिनाच्या वाऱ्यात फाटला. हिरवा पट्टा कडेनं उसवून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. असा झेंडा पुन्हा चढवायचा नाही, कचऱ्याच्या गाडीत तर नाहीच. तो एकांतात, मानानं, सगळाच्या सगळा जाळावा असा नियम आहे. मी सेक्रेटरी, म्हणजे ते काम माझ्या गळ्यात. आता हिंगणा रोडवरच्या चार मजली इमारतीत एकांत कुठून आणायचा, ते मात्र नियमात लिहिलेलं नाही.

मला माणसांचा भरवसा नाही. सगळी नोकरी सरकारी कचेरीत झाली, हा गुण तिथंच अंगात मुरला. त्यात वरच्या मजल्यावर मिहानमधल्या आयटी कंपनीत नोकरी करणारी एक पोरगी राहते. तिच्या हातातून मोबाइल सुटत नाही. कुणी गाडी आडवी लावली की टाक फोटो ग्रुपवर. आमचा चौकीदार खुर्चीत डुलक्या घेताना तिच्या मोबाइलात सापडला आणि संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी गेली. बिचाऱ्याच्या अंगात ताप होता, हे नंतर कळलं. मी तर झेंडा जाळणार होतो. व्हिडिओचा तेवढाच तुकडा गावभर फिरला, तर मला नियम वाचून दाखवायला वेळ कोण देणार? पोलिसांच्या आधी गल्लीतलेच दारात येतील. सरळ सांगतो, मला भीती वाटत होती.

बायको मुलीकडे सावनेरला गेलेली. लोक ऑफिसात नाहीतर झोपेत असतात म्हणून मी दुपार निवडली. मागच्या अंगणात टेबलावर धुतलेली चादर पसरली, शेजारी लोखंडी घमेलं ठेवलं. जाळायचा असला तरी झेंडा चुरगळून जाळवेना. त्याच्या घडीची रीत ठरलेली आहे: केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही बाजू आत घेत चक्र वर ठेवायचं. पण ही चार हातांची घडी. मी एक टोक धरलं की दुसरं घसरे, आणि जमिनीला तर लागू द्यायचं नाही. मी टेबलाभोवती फेऱ्या मारत होतो आणि मधूनमधून वर पाहत होतो.

असंच एकदा पाहिलं, तर गॅलरीत ती उभी. मोबाइल माझ्यावर रोखलेला. मी हातातलं टोक धरून तिथंच थांबलो.

थोड्या वेळात ती खालीच आली.

"काका, काहून थांबले? एकट्यानं नाही होत ते. द्या एक टोक इकडं."

"तू घरी कशी वं आज?"

"घरूनच काम करून राहिली ना."

जवळून शूटिंग करायला आली असेल, असंच मला वाटलं. पण तिनं मोबाइल खिशात टाकला आणि टोक धरलं. घडी बसली. चक्र बरोबर मध्ये आलं.

"वरून शूटिंग करून राहिली होती ना? डिलीट कर ते."

"नाही करत. उद्या कोणी म्हणलं, काकांनी झेंडा जाळला, तर तुमाले कोण वाचवन? आता सगळंच घेते, शेवटपर्यंत. चौकीदाराच्या टायमाले मी अर्धंच पाहिलं होतं."

तरी माझा विश्वास बसेना. पण झेंडा माझ्या तळहातांवर होता, तो कुठंतरी टाकून भांडता येत नव्हतं. तिनं मोबाइल खिडकीच्या कठड्यावर टेकवून ठेवला. मी घडी घमेल्यात ठेवली आणि काडी ओढली. खादी होती, निमूट जळाली. राख निवेपर्यंत आम्ही दोघं उभे राहिलो, मग ती राख मातीत पुरली.

तो व्हिडिओ तिनं मला पाठवला. ग्रुपवर टाकला नाही. अजून तरी नाही. कुणी तो कुठून कापू शकेल हे शोधत मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. घडी नीट आहे, हात नीट आहेत, बोट ठेवायला कुठं जागा नाही. फक्त काडी ओढण्याआधी मी मान वळवून कुंपणाकडे आणि वरच्या खिडक्यांकडे पाहतो, आणि ते तोंड चोराचं आहे.