गजानं मोजलेला चंद्र

माझे एक स्नेही बारामतीच्या कापडदुकानात कापड मोजायचा गज घेऊन उभे असत आणि तंबूत लागलेली पिक्चरंही त्याच गजानं मोजत. अदृश्य माणसाचं असो की चंद्रावरच्या सफरीचं, मूळ पुस्तकाचं मराठी रूपांतर त्यांनी वाचलेलं असे. मला पिक्चर आवडलं की म्हणत, "मास्तर, पुस्तकात दोन वार हाय, ह्यांनी दीडच दाखवलं. वर पदरचं ठिगळ." मी कितीही वाद घातला तरी पुस्तकाबाहेरचं त्यांना खपत नसे.

एकदा चंद्रावरच्या पिक्चरचं शेवटचं रीळ दौंडच्या गाडीनं आलंच नाही. लोक खवळून कनाती ओढू लागले. तेव्हा हे पडद्यापुढं उभे राहिले आणि उरलेली गोष्ट त्यांनी तोंडी सांगितली. चंद्रावर अडकलेले तिघंही सुखरूप घरी पोचले. लोक मुकाट उठले.

ते पुस्तक मीही वाचलं होतं. त्यात तिघंही तिथंच मरतात. बाहेर आल्यावर मी तसं म्हणालो. ते बैलगाडीत पोरांना चढवणाऱ्या बायांकडं बघत होते.

"ह्यास्नी अंधारातनं निरवांगीला जायाचं हाय, मास्तर," ते म्हणाले. "पुस्तकाचं उद्या दुकानात बघू."