ज्याच्या घरी बैठक

मी डायरेक्टर होती म्हनलं तर इथल्या शेजारनी हासतेत. हासू दे. चौथीतून माही शाळा सुटली, सही कराले बसली का अजून अक्षर वाकडं येते, चार मानसांत बोलाचं म्हनलं तर धाप लागते, पन होती मी. आमच्या गावात डाळीची गिरनी निंघाली, सोसायटीची, तिच्या पाच पंचांतली एक मी होती. माह्या हुशारीनं नाही झालं ते, कसं झालं ते सांगतो.

आमच्या घरचे, म्हंजे माहे मालक, दिग्रसले कापसाच्या जिनिंगमधी फिटर होते, इंजनाचं काम त्याईले येत होतं. गावातली तूर बैलबंड्या भरून दिग्रसले जाये अन् तिचीच डाळ होऊन महाग वापस ये, हे त्याईच्या डोक्यात लय दिवसापासून होतं. नवे पैसे चालू होऊन दोन-तीन वर्सं झाली असतीन, लोकं अजून आन्यातच बोलत. ह्याईनं घरोघरी जाऊन सांगतलं का जुनं इंजन मिळते, सगळे शेअर घ्या, मी चालवतो. लोकाईले पटलं. यवतमाळहून सोसायटीचे साहेब आले, शाळेच्या छपरीत बसले, अन् पंच कसे निवडाचे ते सांगतलं. बाकी आता आठवत नाही, एकच आठवते. "घरातलेच पाच बसवाल तर गिरणी घरचीच होईल," ते म्हनले. "नाही म्हणणारं एखादं माणूस ठेवा."

सगळ्याईनं मान डोलवली. मंग निवड झाली. ज्याईनं गिरनीले जागा देल्ली ते मोठे शेतकरी अध्यक्ष झाले. त्याईचा साडू, किरान्याचा दुकानदार, तो एक. बंजाऱ्याईच्या तांड्याचे नाईक एक, काहून का बंड्या तांड्याच्या, तूर आनतीन ते लोकं. लिवाले-वाचाले गुरुजी. पाचवे आमच्या घरचेच बसनार होते, तं साहेब म्हनले का गिरनीचा पगार घेनाऱ्याले पंचात बसता येत नाही. तवा अध्यक्ष मले पाहून म्हनले, "शेअर सूनबाईच्या नावानं करा. बसन ती बी. चहा तं होईन."

लोकं हासले. मी बी हासली, पदर तोंडाले लावून. पोटात पोरगी होती तवा, सातवा चालू होता.

आमच्याकडं एक रीत हाय. ज्याच्या घरी बैठक, त्यानं बैठकीत आडवं बोलाचं नाही. आलेला मानूस पाहुना असते, त्याले खाऊ-पिऊ घालाचं, का त्याच्याशी वाद घालाचा? हे कोनी शिकवत नाही, लहानपनापासून मालूमच असते. आमची बैठक पाळीपाळीनं एकेकाच्या घरी भरे, पाळी कोनाची ते अध्यक्ष सांगत. मले वाटे अध्यक्ष सगळ्याईचा मान ठेवून राह्यले. एकदा नाईक बोलले का तांड्याची तूर सगळ्याईच्या मांगून काहून भरडता, आमी का शेअर नाही घेतला? अध्यक्ष म्हनले, पुढच्या बैठकीत पाहू. अन् पुढची बैठक तांड्यात, नाईकाच्याच घरी. नाईक दारात उभे राहून पानी देऊन राह्यले, खाटा टाकून राह्यले, एक शब्द बोलले नाही, अन् तांड्याची तूर मांगचीच राह्यली. मंग गुरुजी म्हनले का डाळ एकट्या दुकानदारालेच काहून विकाची. तं पुढची बैठक गुरुजींच्या घरी.

तांड्यातल्या त्या बैठकीत मी नाईकाच्या बायकोजवळ चुलीपाशी बसली होती. ती भाकर थापता थापता म्हने, "आमचे नाईक घरी आलेल्याले तोंड वर करून बोलत नाही. तुमच्या अध्यक्षाले हे बराबर मालूम हाय." मले तवा तिचं बोलनं उगाच कडू वाटलं.

दुसऱ्या हंगामात इंजनाचा पाया खचला. घाईत बांधला होता, सिमेट कमी पडलं होतं. इंजन चालू झालं का सरके, अन् सरकलं का पट्टा चाकावरून उतरे. तो पट्टा म्हंजे हातभर रुंद, चामड्याचा, सुटला का साप सोडल्यावानी येते. एक दिवस हे दुपारचे जेवाले आले तं सदऱ्याची बाही खांद्यापासून नव्हती. जेवले नाही, नुसते पाटावर बसून राह्यले. मी इचारलं तं म्हनले, पट्टा कानाजवळून गेला.

अध्यक्षाईले त्याईनं आधीच सांगतलं होतं का गिरनी बंद ठेवा, पाया नव्यानं बांधू. ते म्हनले, दारात तुरीचे ढीग लागले हायेत, हंगाम जाऊ दे. मंग हे मले म्हनले, "मी नौकर हाव. मले बोलता येत नाही. तुले येते."

मले येते? रात-दिस तो पट्टा डोळ्यापुढं. गिरनीचा आवाज घरी येत होता, तो बंद झाला का मी पोरीले खाली टाकून दारात पळे, चालू झाला का मंग श्वास घ्यावा. असं किती दिवस काढाचं? पान्याले जाताना गुरुजी भेटले, त्याईले म्हनलं का पायाची गोष्ट बैठकीत काढा. गुरुजी बरं म्हनले. अन् त्याच दिवशी, गोष्ट कानावर गेली असन, अध्यक्षाईचा निरोप आला, या खेपेची बैठक सूनबाईच्या घरी.

तवा मले नाईकाच्या बायकोचं बोलनं समजलं.

तरी मी घर सारवलं, शेजारून कपबशा आनल्या, काय करन? चौघं बी आले. हे गोठ्यात उभे होते, पंच नाही म्हनून आत येता येत नव्हतं. चहा देल्ला, गुरुजींकडं पाह्यलं तं ते कपातच पाहून राह्यले, मंग पोरगी कडेवर घेतली अन् बोलाले तोंड उघडलं, का गिरनीचा पाया... अध्यक्षाईनं बशी खाली ठेवली अन् एकदम मऊ आवाजात म्हनले, "आमचा घोट तं गळ्याखाली जाऊ दे, सूनबाई. घरी बोलावून असं करतेत का?"

दुकानदार हासला. माह्याच घरात माह्यानं बोलल्या जाये ना. घरातून गिरनीचं इंजन दिसत नव्हतं, पन मले दिसत होतं. कसं झालं मालूम नाही, मी पोरगी घेऊन उठली, उंबऱ्यातून बाहेर गेली, आंगन ओलांडलं अन् रस्त्यावर जाऊन उभी राह्यली. धाप अशी लागली का शब्द तुटून तुटून निंघत होते. म्हनलं, आता मी माह्या घरात नाही. आता तुमी माहे पाहुने नाही. आता मी म्हनतो, पाया होयेपर्यंत गिरनी बंद ठेवा.

अध्यक्ष दारापर्यंत आले. "हे तू डायरेक्टर म्हनून बोलून राह्यली का बायको म्हनून?"

"दोनीबी," मी म्हनलं. "तुमी बी तं अध्यक्ष हा अन् तुरीवाले बी हा."

गिरनीपुढं सगळ्यात मोठा ढीग त्याईचाच होता, ते सगळ्याईले मालूम होतं. नाईक उठले. काठी उचलली, बाहेर आले अन् माह्या बाजूले बंडीच्या पुढच्या दांड्यावर बसले. गुरुजींचं मातर आत जाऊ का बाहेर येऊ होईना, ते उंबऱ्यावरच टेकले. अध्यक्ष कावले, "गुरुजी, सांजच्या पारी उंबऱ्यावर बसू नये." तं गुरुजी उठले, अन् उठल्यावर आत जाची लाज वाटली असन, बाहेर आले. आमी पाचातले तिघं बाहेर झालो. गिरनी बंद झाली.

त्या रात्री हे पोटभर जेवले. मी त्याईच्या दोनी हाताकडं पाहत राह्यली.

मले वाटलं महिन्याभरात पाया होईन. पन सिमेट परमिटवर भेटे, परमिटले यवतमाळले अर्ज लागे, अर्जाले पंचाईचा ठराव लागे, ठरावाले बैठक लागे. अन् बैठकीले घर. आता घर कोनी देईना. अध्यक्ष म्हनले, माह्या घरी नोको, उठून रस्त्यावर जानारे लोकं हायेत. दुकानदाराचं तेच. नाईकानं तांड्यात बोलावलं तं ते दोघं गेलेच नाही, अन् गुरुजींची तब्येत नरम. मंग मी म्हनलं, कोनाचंच घर नोको, गिरनीत बसू. दवंडीवाल्याकडून निरोप धाडला, पोते झटकून आथरले, पोरीले घेऊन बसली. एकटे नाईक आले. आमी बसून राह्यलो. इंजनावर चिमन्याईनं काड्या आनून टाकल्या होत्या.

"दोघाईचं कोरम होत नाही, बाई," नाईक म्हनले, अन् तरी लवकर उठले नाही.

साहेबाईनं नाही म्हननारं मानूस ठेवा म्हनलं होतं. नाही म्हनल्यावर पुन्हा एका जागी कसं बसाचं ते नव्हतं सांगतलं. का सांगतलं होतं अन् आमाले आयकू आलं नाही, काय मालूम.

हंगाम गेला. तुरीच्या बंड्या आमच्या दारावरून पुन्हा दिग्रसले जाऊ लागल्या. विहिरीवर बाया माह्यासाठी जागा सोडत, पन बोलत नव्हत्या. हे रोज जाऊन इंजन पुसत, तेल घालत, वरून पोतं टाकत. मंग एक दिवस गेले नाही. दुसऱ्या दिवशी बी नाही. "आता मी काय करू वो?" येवढंच म्हनले, अन् त्यात राग नव्हता. राग असता तं बरं झालं असतं.

कोनीतरी सांगतलं वनीकडं कोळशाच्या खानीत मानसं घेतेत. तं आमी इथं आलो. इंजनाचं काम भेटन म्हनून आलते, अन् पाठवलं जमिनीच्या पोटात. ज्या मानसाले पट्ट्यापासून वाचवलं, तो आता रोज अंधारात उतरते अन् मी भोंग्याची वाट पाहतो. मांगच्या हप्त्यात आंघोळ करता करता सांगत होते का खाली एका जागी छताचा टेकू कुरकुरते.

मी म्हनलं, कोनाले सांगतलं?

त्याईनं डोक्यावर पानी घेतलं, काळं काळं वाहून गेलं. "इथं पंच नाही वो," ते म्हनले.

आता पोरगी उठन. पाळी सुटाची वेळ झाली हाय. मी तिले कडेवर घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राह्यन, रोज राह्यतो. इथल्या बाया म्हनतेत, घरात थांबत जाय, येनारा येतेच. माह्यानं घरात थांबल्या जात नाही.