वडगावची विळी

आमच्या घरात एखादी वस्तू दिसायला चांगली आणि वापरायला फसवी निघाली, की तिला ‘वडगावची विळी’ म्हणतात. मुलं म्हणतात, सून म्हणते, आता नातवंडंही म्हणायला लागली आहेत. ती विळी नवी असताना त्यांच्यापैकी कुणी पाहिलेली नाही. हा शब्द घरात मी आणला आणि तो खोटा आहे, एवढं सांगण्यासाठी लिहितो आहे. फार वर्षं टाळलं. आता टाळण्याचाही कंटाळा आला आहे.

महाराजांच्या अमदानीत मी कोल्हापुरात शिलेखान्यात चाकरीला होतो. सरकारी हत्यारं घासायची, तेलाचा हात द्यायचा, पुन्हा म्यानात घालायची, हे काम. पात्यावर मिरीएवढा काळा ठिपका राहिला तरी आमचा जमादार चारचौघांत विचारायचा, हातानं घासलंस की पायानं? दिवसभर तेच केल्यावर घरी आलं तरी मला डागच दिसायचे. तांब्यावर, समईवर, उंबऱ्यावर.

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही मंगळवार पेठेत वेगळं बिऱ्हाड केलं. सासरे पेठ वडगावजवळ शेती करायचे. चैत्रात जोतिबाची यात्रा करून ते आमच्याकडे उतरले. फेट्यावर गुलाल तसाच होता आणि काखेत फडक्यात गुंडाळलेली नवी विळी. गावच्या लोहारासमोर बसून त्यांनी पोलाद घालून पातं करून घेतलं होतं. तो लोहार त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. सासऱ्यांनी नखानं टिचकी मारून मला पात्याचा नाद ऐकवला.

“आयकलंसा, जावाईबापू? माझ्या पोरीच्या सुनंलाबी पुरंल ही.”

पातं लखलखत होतं. बायकोनं त्यावर पहिल्यांदा कैऱ्या चिरल्या आणि ते निळंकाळं पडलं. पुढं लिंबं, केळफूल, कच्ची केळी, ज्यानं त्यानं आपली खूण ठेवली.

खरं सांगायचं ते इथंच. हे असं होतं, हे मला माहीत होतं. आंबट, तुरट लागलं की चांगलं पोलाद काळवंडतं. त्यानं धारेचं काही जात नाही. पुसून कोरडं ठेवलं तर तो काळा रंग उलट गंजाला आडवा येतो. शिलेखान्यात तलवारीनं कुणी कैरी चिरत नव्हतं, फरक एवढाच. पण मी बायकोला हे सांगितलं नाही. डाग दिसला की ती ओशाळायची, विटेची पूड घेऊन घासत बसायची, आणि मला घासलेलं पातं बघायला बरं वाटायचं.

खंडेनवमीला घरोघर हत्यारं-अवजारं पूजेला मांडतात. आमच्याकडं हत्यार कुठलं? विळी, खुरपं आणि कुऱ्हाड पाटावर ठेवली होती. दसऱ्यासाठी सासरे आले होते. प्रसादाला आमचा जमादारही आला. त्यानं पाटाकडं पाहिलं आणि म्हणाला,

“शिकारखान्यातला चित्ता पाटावर बसवलाय व्हय रं?”

सगळे हसले. शिलेखान्यातल्या माणसाच्या घरचं पातं असं, हे मला लागलं. मी म्हणालो, “काय करायचं, जमादार? सासरवाडीचं लोखंड हाय. वडगावाकडं असलंच मिळतंय.”

सासरे पानाला चुना लावत होते. ते लावतच राहिले.

दसरा झाल्यावर जाताना त्यांनी विळी मागून नेली. पुढच्या खेपेला उजळून आणली. थोड्याच दिवसांत डाग परत आले. त्यानंतर मेहुणा आला तेव्हा त्याच्याकडून कळलं, की सासऱ्यांनी लोहाराला तोंडावर विचारलं होतं, पोलाद म्हणून कच्चं लोखंड घातलंस का. लोहार एवढंच म्हणाला, की तुझ्यासमोर घातलं. मग दोघं बोलेनासे झाले. सुगीला बलुतं न्यायला लोहार त्यांच्या खळ्यावर यायचा, तो यायचा थांबला. सासरे नांगराचा फाळ दुसऱ्या गावाहून करून आणू लागले.

मेहुणा सांगत होता तेव्हा मी एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. जावई चुकला असं जावयानं म्हणायचं कसं, म्हणून बोललो नाही. सासरे वारले तेव्हा लोहार खांदा द्यायला आला नाही. गावाबाहेर ओढ्याकाठी एकटाच बसून होता म्हणे.

बायको घासत राहिली. पातं झिजून बोटभर उरलं, तेव्हा मी मुलांना ते झिजलेलं पातंही दाखवलं. बघा, वडगावची विळी. बायको तेव्हा तिथंच असायची. ती विळी अजून कोथिंबिरीपुरती चालते.

परवा सुनेनं नवी विळी घेतली. मी पाणी प्यायला आत गेलो तर तिनं घाईनं पात्यावर फडकं टाकलं. डाग पडले होते. या घरात डागांवरून काय होतं ते तिनं ऐकलेलं होतं. मी तिला म्हटलं, झाकू नकोस आणि घासूही नकोस, चांगल्या पोलादाला डाग पडायचेच. तुझ्या सासूची विळीही चांगल्या पोलादाची होती. ती घासून झिजली आणि घासली माझ्यापायी.

बायको चुलीपाशी लसूण सोलत होती. मग मान वर न करता म्हणाली,

“ह्ये खळ्यावर जाऊन सांगायचं हुतं.”

खळं आता नाही. सासरे नाहीत, लोहारही नाही. त्याचा मुलगा तिथंच भट्टी चालवतो, असं मेहुणा म्हणतो. मी म्हटलं, मग त्याला सांगून येतो. ती म्हणाली, आधी गुडघं चालत्यात का बघा.

संध्याकाळी बाहेर आलो तर जुनी विळी दाराशी ठेवलेली दिसली, फडक्यात गुंडाळून.