दारातला गोड गहू

माझा भाऊ वुकोमान जन्मभर लाकूड गिरणीत राबला. बोलायला कंजूष, वाढायला उधळा. स्लावेला, म्हणजे घराण्याच्या संताच्या सणाला, आमच्यात यजमानानं बसायचं नसतं. पाहुण्यांच्या पाठीशी उभं राहून वाढायचं. आमंत्रण कुणालाच नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत.

नेनाद गेल्यापासून मात्र फाटकाला कुलूप होतं. नेनाद त्याचा एकुलता एक मुलगा. स्लावेचं जेवून शेजारच्या राय्कोच्या ट्रॅक्टरवर बसला आणि उतारावर ट्रॅक्टर उलटला. राय्को प्यायलेला होता, तुरुंगात गेला. तेव्हापासून वुकोमान सणाला एकटाच मेणबत्ती लावायचा. सणाचा गोल पाव दोघांनी धरून फिरवायचा असतो. त्यावर वाइन ओतून तो मोडताना एकानं म्हणायचं, "ख्रिस्त आपल्यात आहे." दुसऱ्यानं म्हणायचं, "आहे आणि राहील." वुकोमान दोन्ही वाक्यं स्वतःच म्हणायचा. नवरा गेल्यावर मी माहेरी आले तेव्हा हे पाहिलं. मी हात पुढे केला तर म्हणाला, "राहू दे, नेनादची जागा आहे ती."

यंदा मी हट्टच धरला. "दादा, संताचं जेवण असं कोंडून ठेवतात का? गाव काय म्हणत असेल?" गावाचं त्याला काही नव्हतं, पण कुलूप काढलं.

दारात गोड गव्हाचं भांडं घेऊन मीच उभी. शिजवलेला गहू, अक्रोड, साखर. आलेल्यानं क्रूसाची खूण करून चमचाभर खायचा. एकदा खाल्ला की तो घरचा. माझं तोंड मागे शेजारच्या देसांकाशी चाललेलं, मासा किती कोरडा झालाय म्हणून ती मला टोचत होती. हात सवयीनं पुढे झाला. समोरच्यानं गहू घेतला, खाल्ला. मग मी पाहिलं. राय्को, तुरुंगातून सुटलेला.

"कुणाला विचारून आलास?"

"फाटक उघडं दिसलं, मावशी."

माझ्याच हाताचा मला संताप आला. देसांका कानात पुटपुटली, "गिळला त्यानं. आता काय पोटातून काढणार आहेस?"

टेबलावरची बोलणी थांबली. वुकोमान माशाचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून आला आणि जागीच थबकला. दारापाशीच लाकडं फोडायची कुऱ्हाड होती; मी ती पायानं हळूच बाकाखाली सारली. मला माझ्या भावाची भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

त्यानं ताट ठेवलं. "बस," म्हणाला. मग राकियाची, फळांच्या कडक दारूची, बाटली उचलून एकेकाचा ग्लास भरत निघाला. राय्कोपाशी आला तेव्हा राय्कोनं ग्लासवर तळवा ठेवला.

"सोडली मी, काका."

वुकोमान बाटली धरून तसाच उभा राहिला. त्या तळव्याकडे बघत म्हणाला, "त्या दिवशीपण तू असाच हात ठेवला होतास."

राय्कोनं तळवा ग्लासवरून काढला नाही.

"मी तो बाजूला सारला. माझ्या घरी सणाला रिकामा ग्लास चालायचा नाही म्हणालो, आणि ओतली. पुन्हापुन्हा ओतली."

त्या दिवशीच्या गर्दीत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी तर तेव्हा सासरीच होते. माझा आवाज राय्कोवर चढला. "अरे, मग कोर्टात का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार, मावशी?" राय्को म्हणाला. "ट्रॅक्टर मी चालवत होतो."

वुकोमाननं बाटली खाली ठेवली, पाव उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "धर."

"दादा, ती नेनादची जागा," माझ्या तोंडून निघून गेलं. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

राय्कोनं पाव धरला. दोघांनी तो फिरवला, वाइन ओतली.

"ख्रिस्त आपल्यात आहे," वुकोमान म्हणाला आणि थांबला.

राय्कोचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. पावातून वाइन दोघांच्या मनगटांवरून ओघळत होती. मला वाटलं, आता दादाच पुढचं म्हणेल, नेहमीसारखं.

"पुढचं मी म्हणणार नाही," वुकोमान म्हणाला. "एकट्याला नाही रे होत आता."

"आहे," राय्को म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "आहे आणि राहील."

पाव मोडला. वुकोमाननं राय्कोच्या शेजारची खुर्ची ओढली आणि स्लावेच्या दिवशी, भरल्या टेबलाला, माझा भाऊ खाली बसला. मी ताट उचललं आणि दोघांना वाढायला उभी राहिले.